भटक्या कोणाला म्हणायचे? ‘व्हॅग्रंट’ या शब्दाची लंडन ते कोल्हापूर कहाणी

१/
दरवर्षी जुलैमध्ये भर पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे तरुणांचे जथे चालत निघतात. त्यांतील अनेकांच्या सोशल मीडियावरील ओळखीत एक शब्द हमखास सापडतो : ‘भटक्या’. त्याच जिल्ह्यातील एखाद्या तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात जातीच्या दाखल्यासाठी उभ्या असलेल्या मुलाच्या अर्जावरही हाच शब्द असतो : ‘भटक्या जमाती (ब)’. पहिल्याने तो हौसेने धारण केलेला आहे. दुसऱ्याला तो शासनाने दिला आहे, आणि तो सिद्ध करण्यासाठी त्याला कागदांची चळत जोडावी लागते. एकाच शब्दाची ही दोन आयुष्ये वेगळी कशी झाली, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/
त्यासाठी आधी एका इंग्रजी शब्दाकडे जावे लागेल. तो शब्द म्हणजे ‘व्हॅग्रंट’. कोशातील अर्थ साधा आहे : ठावठिकाणा आणि कामधंदा नसलेला, इकडून तिकडे फिरणारा मनुष्य. बारकाईने पाहिले तर या एका शब्दात तीन निराळ्या गोष्टींची मोट बांधलेली दिसते. घर नसणे, काम नसणे आणि चालत राहणे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी दारिद्र्याच्या आहेत आणि तिसरी केवळ पायांची. तिन्ही एकत्र आल्या की मात्र गुन्हा तयार होतो.

३/
शब्दाची व्युत्पत्तीही त्याच्या अर्थाप्रमाणेच भटकी आहे. ‘भटकणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद ‘व्हॅगारी’ हे त्याचे मूळ, असे सहज वाटते. भाषाभ्यासकांचा कल मात्र असा की, हा शब्द इंग्लंडमधील नॉर्मन फ्रेंचमधून आला, त्याचे मूळ ‘चालणे’ या अर्थाच्या जर्मानिक धातूशी जोडलेले असावे आणि लॅटिन शब्दाच्या सहवासाने त्याचे रूप पुढे बदलले असावे. लॅटिन कुळातली बाकीची भावंडे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. ‘उत्तर फारच व्हेग आहे’ असे म्हणताना आपण ते उत्तर एका जागी ठरत नाही, भटकते, एवढेच सांगत असतो. मेंदूपासून निघून छाती आणि पोटापर्यंत हिंडत जाणाऱ्या मज्जातंतूला वैद्यकशास्त्र ‘व्हेगस’ म्हणते, तेही याच कारणाने. उधळ्या माणसाला ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’ म्हणतात, कारण तो मर्यादेबाहेर भटकलेला असतो.

४/
शरीरातल्या नसेच्या भटकण्याला कोणी हरकत घेतली नाही. माणसांच्या भटकण्याला मात्र इंग्लंडने शतकानुशतके कायद्याने हरकत घेतली. १३४८ मध्ये इंग्लंडमध्ये प्लेगची महाभयंकर साथ शिरली. मजूर मोठ्या संख्येने मेले, उरलेल्यांना भाव आला आणि चांगल्या मजुरीच्या शोधात ते गाव सोडू लागले. १३५१ च्या मजूरविषयक कायद्याने मजुरी साथीच्या आधीच्या दरावर गोठवली आणि मजुराने जागा सोडण्यावर बंधने घातली. म्हणजे अगदी आरंभापासून या कायद्यांची भीती चोरीची नव्हती. मजूर दुसरीकडे जाऊन जास्त पैसे मागेल, ही खरी भीती होती. हे ध्यानात ठेवावे. कोल्हापुरात ते पुन्हा भेटणार आहे.

५/
१५४७ च्या कायद्याने तर कळस गाठला. काम नाकारून फिरणाऱ्या धडधाकट माणसाच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘व्ही’ हे अक्षर डागावे आणि त्याला दोन वर्षे गुलाम करावे, अशी त्यात तरतूद होती. तो इतका अमानुष होता की, थोड्याच काळात रद्द करावा लागला. पुढे नेपोलियनची युद्धे संपली, बेकार सैनिक रस्त्यांवर आले आणि १८२४ साली इंग्लंडमध्ये नवा व्हॅग्रन्सी कायदा झाला. त्या कायद्यातील एक शब्दप्रयोग पाठ करून ठेवण्याजोगा आहे : ‘उपजीविकेचे दृश्य साधन’. ज्याचे पोट कशावर चालते हे शिपायाला दिसत नाही, तो संशयित. येथे शिपायाची दृष्टी हाच पुरावा ठरतो.

६/
मराठीने याच क्रियेकडे कसे पाहिले, हे पाहणे मौजेचे आहे. मराठीत चालण्याला चालणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे नाव मिळते. सरदार फौज घेऊन परमुलखात फिरला तर ती मुलूखगिरी. वारकरी पंढरपुराकडे निघाला तर वारी. साधू फिरला तर परिभ्रमण. साहेब फिरला तर ‘साहेब फिरतीवर आहेत’, आणि त्या फिरतीचा भत्ताही मिळतो. हौशी माणूस फिरला तर भ्रमंती. गरीब फिरला की मात्र वणवण, पायपीट किंवा भटकणे. आणि ‘भटका’ हे विशेषण माणसांखेरीज आपण आणखी कोणाला लावतो? कुत्र्यांना आणि मोकाट जनावरांना.

७/
म्हणी आणि वाक्प्रचारही दुटप्पी आहेत. ‘पायाला भिंगरी लागली आहे’ या बोलण्यात लाडिक तक्रार असते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीत थोडी कीव आणि थोडा दंश आहे. ‘बारा गावचे पाणी प्यायलेला’ माणूस मात्र सरळसरळ बनेल ठरतो. तेव्हा संशय काही केवळ बोटीतून आलेला नाही. गावगाड्याला वेशीबाहेर पाल ठोकणाऱ्याची गरजही होती आणि धास्तीही. घिसाडी विळे-कोयते करून देई, कैकाडी टोपल्या-कणगे विणून देई, वडार दगड फोडी, वैदू जडीबुटी देई, लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य आणत. काम झाले की त्यांनी पुढे जावे, अशी गावाची अपेक्षा असे. त्यांची ये-जा कुणाला खटकत नव्हती. ते तिथेच राहिले असते तर खटकले असते.

८/
इंग्रजी राजवटीने हे गणित उलटे केले. पुढे जाणारा संशयित झाला. यात एक गंमत आहे. मुंबई इलाख्याचे सरकार स्वतःच ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करीत असे. गव्हर्नर आणि त्यांचा लवाजमा उन्हाळ्यात महाबळेश्वरी, पावसाळ्यात पुण्यास आणि थंडीत मुंबईस असा फिरे. त्यासाठी सामानाच्या किती गाड्या हलत असतील, याची कल्पनाच केलेली बरी. परंतु त्यांच्या उपजीविकेचे साधन सर्वांना दिसत होते.

९/
‘व्हॅग्रंट’ हा शब्द हिंदुस्थानच्या कायद्यात ठळकपणे अवतरला तो ज्या लोकांसाठी, त्यांचे नाव ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटेल. तो गोऱ्यांसाठी होता. १८६९ साली, आणि नंतर सुधारित रूपात १८७४ साली, ‘युरोपियन व्हॅग्रन्सी’ कायदा झाला. जहाजावरून उतरलेले खलाशी, पलटणीतून सुटलेले शिपाई, काम संपलेले कामगार असे कितीतरी निष्कांचन गोरे त्या काळी बंदरांच्या शहरांत आणि छावण्यांच्या आसपास फिरत असत. १८७४ च्या कायद्याने व्हॅग्रंटची व्याख्याच अशी केली : युरोपीय वंशाची व्यक्ती, जी भीक मागताना किंवा काम अथवा उपजीविकेचे दृश्य साधन नसताना फिरताना आढळते. १८२४ चा शब्दप्रयोग सातासमुद्रापार जसाच्या तसा आला.

१०/
या गोऱ्या भटक्याचे काय करावयाचे? त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे, कामगारगृहात ठेवावे, काम शोधून द्यावे आणि ते न जमले तर बोटीत बसवून देशाबाहेर पाठवावे. भिकारी गोरा ही साम्राज्याच्या दृष्टीने लाजिरवाणी वस्तू होती. नेटिवांच्या नजरेतून ती लवकर नाहीशी करणे इष्ट. वागणूक कठोरच होती, पण एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या माणसाच्या बापाला, भावाला, अजून न जन्मलेल्या मुलाला कोणी व्हॅग्रंट म्हटले नाही. त्याचे भटकणे ही त्याची एकट्याची अवस्था मानली गेली, आणि ती संपू शकत होती.

११/
या दोन कायद्यांच्या मधोमध, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, दुसरा एक कायदा मंजूर झाला. तो होता गुन्हेगार जमाती कायदा. येथे शब्द बदलला. ‘व्हॅग्रंट’च्या जागी ‘ट्राइब’ आला आणि त्या एका बदलाने सारे बदलले. विधेयकामागचा युक्तिवाद असा होता की, या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा मुलगा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणार. जातिव्यवस्थेचा इतका सोयीस्कर उपयोग क्वचितच कोणी केला असेल. एखादी जमात गुन्हेगार म्हणून घोषित झाली की तिच्यातील माणसांची नोंदवही होई, हजेरी लागे आणि दाखल्याशिवाय हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरे. त्या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. जमातीला कायमचा ठावठिकाणा नसेल तर ती जो धंदा करते तो खरा आहे की गुन्ह्यासाठी केलेला बहाणा, हे ठरविण्याचा अधिकारही सरकारकडेच होता. टोपली विणणाऱ्याची टोपलीसुद्धा बहाणा ठरू शकत होती.

१२/
आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर गेली. बोटांचे ठसे आले, ‘सेटलमेंट’ नावाच्या वसाहती आल्या, मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूद आली. मुंबई इलाख्यात सोलापूरची सेटलमेंट सर्वांत प्रसिद्ध झाली. काटेरी तारांच्या आत माणसे आणि बाहेर कापडगिरण्या, अशी तिची रचना होती. आतल्या माणसांचे हात बाहेरच्या गिरण्यांत राबत. सोलापुरात तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘स्थिरावणे’ असा आहे. १३५१ मधील इंग्लंडचे जमीनदार हा अर्थ समजून घेऊ शकले असते.

१३/
ज्यांची भटकंती गुन्हा ठरली, त्यांतील अनेकांची भटकंती नुकतीच निरर्थक झाली होती, हेही विसरता कामा नये. रेल्वे आली तशी बैलांच्या तांड्यांची गरज सरली. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. मालगाडीच्या डब्यात मीठ आल्यावर लमाणाच्या गोणीकडे कोण पाहणार? गिरणीचा माल आला, जंगलांवर सरकारी कायद्याचा पहारा बसला. ज्यांची साधने कालपर्यंत साऱ्या गावाला दिसत होती, ती अदृश्य झाली. आणि मग ‘दृश्य साधन नाही’ हा शेरा त्यांच्या नावापुढे पडला.

१४/
कोल्हापुरात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो भटक्यांचा मुळीच नाही. किल्ल्यांची आणि त्यांच्या घेऱ्याची राखण करणाऱ्यांत रामोशी, बेरड, महार अशा जातींचा मोठा वाटा असे. गावाची राखणही त्यांच्याकडेच. जागा न सोडणे हाच ज्यांचा पेशा, अशी ही माणसे. संस्थानचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेल्यावर गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी आणि हक्कांना हात लागला. १८४४ मध्ये सामानगडावर उठाव झाला, भुदरगड पेटला, बंड मोडून काढण्यात आले आणि किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली. गड गेले, त्यांबरोबर राखणदारीचे कामही गेले. पुढच्या पिढ्यांत याच राखणदार जातींची नावे संशयितांच्या यादीत दिसू लागतात. पहारेकऱ्याचा पहारा काढून घ्यायचा आणि मग त्याच्यावरच पहारा बसवायचा, असा हा प्रकार होता.

१५/
तो पहारा म्हणजे हजेरी. आज ‘हजेरी’ म्हटले की शाळेचा वर्ग आठवतो. ‘चांगलीच हजेरी घेतली’ असे म्हटले की खरडपट्टी आठवते. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूर संस्थानातील काही जातींना हा शब्द ऐकून चावडी आठवत असे. गुन्हा केलेला असो वा नसो, जातीत जन्म झाला एवढ्यावरून गावकामगारापुढे हजर राहून आपण गावातच आहोत हे दाखवावे लागे. कोल्हापूर हे संस्थान असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. परंतु हजेरीची ही पद्धत संस्थानातही होती.

१६/
हजेरीचा अर्थ आर्थिक बाजूने लावला तर ती किती प्रभावी होती हे कळते. ज्याला चावडीपुढे उभे राहावयाचे आहे, तो परगावी मजुरीला जाऊ शकत नाही. तो पेठेत हमाली शोधू शकत नाही, नातलगाच्या लग्नाला मुक्कामी राहू शकत नाही, मुलाला शहरातल्या शाळेत घेऊन जाऊ शकत नाही. तो गावात अडकतो, आणि गावात अडकलेला माणूस वेठीसाठी आयता हाताशी असतो. मजुराला हलू न देण्याची चौदाव्या शतकातील इंग्रज जमीनदाराची जी युक्ती, तीच येथे चावडीच्या पायरीवर बसलेली दिसते. नाव मात्र शांतता आणि सुव्यवस्थेचे.

१७/
१९१८ साली छत्रपती शाहू महाराजांनी हुकूम काढून महार, मांग, रामोशी आणि बेरड या चार जातींची हजेरी बंद केली.

१८/
शाहूंच्या कार्याची यादी करताना १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा आदेश आणि १९१७ चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण यांना अग्रस्थान मिळते, ते योग्यच आहे. हजेरीचा हुकूम मात्र बहुधा एका ओळीत उरकला जातो. ही चूक आहे. त्याच वर्षी संस्थानात वेठबिगार आणि महार वतन यांवरही घाव घालण्यात आला. हे तिन्ही हुकूम एकत्र वाचावेत. वतनाने माणूस गावाला बांधला जात होता, वेठीने त्याचे श्रम फुकट घेतले जात होते आणि हजेरीने तो पळून जाणार नाही याची खातरजमा होत होती. एक साखळी, तीन कड्या. यांतील एकच कडी तोडून काही साधले नसते. शाळा सक्तीची केली, पण शाळेपर्यंत जाण्याची बापालाच मोकळीक नाही, तर त्या शाळेचा उपयोग काय? मार्च १९२० मध्ये माणगावच्या ज्या परिषदेत शाहूंनी डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले, तेथील आपल्या भाषणातही त्यांनी हजेरीचा विषय काढला होता. स्वतः राजालाच हा हुकूम किरकोळ वाटत नव्हता, एवढे यावरून स्पष्ट होते.

१९/
आता फासेपारध्यांकडे वळू. पारध करणारा तो पारधी, आणि फासे लावून पारध करणारा तो फासेपारधी. नावातच धंदा आणि हत्यार दोन्ही आहे. रानाशी ज्याचा संबंध, त्याला रान पायांखाली घालावेच लागते. स्थिर राहणारा शिकारी उपाशी मरतो. शाहू महाराजांना शिकारीचा नाद दांडगा होता आणि रानाची माहिती असलेल्या माणसांची पारख त्यांना होती. त्यांनी या जमातीला जवळ केले, कोल्हापूरजवळच्या सोनतळी येथील आपल्या मुक्कामाच्या परिसरात राहावयास जागा दिली आणि पहाऱ्याचे काम दिले. बाहेर ज्यांना जन्मजात चोर म्हटले जात होते, त्यांच्या हाती छत्रपतींनी आपल्या मुक्कामाची राखण सोपवली.

२०/
या प्रसंगाची गोष्ट नेहमी राजाच्या मनाचा मोठेपणा म्हणून सांगितली जाते. तो होताच. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. सोलापूरची सेटलमेंट आणि सोनतळी, दोन्ही ठिकाणी भटक्यांना एका जागी बसवले गेले. दोन्हींचे गृहीत एकच दिसते की, प्रतिष्ठित आयुष्य घराच्या चौकटीतूनच सुरू होते. ‘चालत राहूनही तू प्रतिष्ठित आहेस’ असे त्या काळी कोणीच म्हणाले नाही, शाहूंनीही नाही. मग फरक कशात होता? सेटलमेंटमध्ये पारध्यावर पहारा होता, सोनतळीत पहारा पारध्याकडे होता. हा फरक लहान नाही. मात्र भटकेपणाचा प्रश्न त्याने सुटला असे समजणे ही भाबडी भक्ती होईल, आणि शाहूंना अशा भक्तीची गरज नाही.

२१/
स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने गुन्हेगार जमाती कायद्याची छाननी केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. म्हणूनच अनेक जमाती ३१ ऑगस्ट हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. देश स्वतंत्र झाला १९४७ मध्ये, ही माणसे पाच वर्षे सोळा दिवसांनी. ‘विमुक्त’ हा शब्द सुंदर आहे. तरी त्यात एक काटा आहे. कोणापासून मुक्त, कशातून मुक्त, हे प्रत्येक वेळी त्या शब्दासोबत आठवावेच लागते. तुरुंगातून सुटलेल्याला जन्मभर ‘सुटलेला’ म्हणत राहण्यासारखे ते आहे.

२२/
दरम्यान आपला जुना इंग्रजी शब्द कोठे गेला? तो संविधानात आहे. सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीची पंधरावी नोंद काढून पाहावी. तिच्यात पहिला शब्द आहे ‘व्हॅग्रन्सी’. त्यानंतर अर्धविराम. त्यानंतर भटक्या आणि स्थलांतर करणाऱ्या जमाती. संविधान या दोन गोष्टी एकच आहेत असे म्हणत नाही. सूची केवळ कायदा कोणी करावा हे सांगते. त्याच संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क दिला आहे. तरीही त्या एका ओळीत हे शेजारी शेजारी बसलेले शब्द आणि मधला तो इवलासा अर्धविराम पाहिला की, १८७१ फार लांब गेलेले नाही असे वाटते.

२३/
१९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा तर अधिक बोलका आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी अशा रीतीने फिरणे किंवा थांबणे, की हा भिकेवर जगत असावा असे वाटावे, हेही त्याच्या व्याख्येनुसार भीक मागणेच आहे. हात पसरण्याचीदेखील आवश्यकता नाही. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची तरतूद त्यात आहे. ‘दृश्य साधन’ हे शब्द आता ओळखीचे झाले असतील. १८२४ चे लंडन, १८७४ चे गोरे खलाशी, १९५९ चे मुंबई राज्य. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्याची भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. खेळ करणारे डोंबारी आणि दारोदार नंदीबैल घेऊन फिरणारे नंदीवाले या व्याख्येच्या किती जवळून चालतात, याचा विचार वाचकाने स्वतः करावा.

२४/
या लोकांनी स्वतः आपले भटकणे लिहिले, तेव्हा मराठी साहित्याची भाषाच बदलली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकांची नावे पाहावीत. दोन्ही शब्द बाहेरच्यांनी चिकटवलेले आहेत. तेच उचलून मुखपृष्ठावर छापले गेले. ‘भटकंती’ या शब्दात रानफुलांचा वास शोधणाऱ्या प्रत्येकाने ही दोन पुस्तके एकदा तरी वाचावीत. गड-किल्ल्यांच्या वाटा ज्यांच्या पायांनी मळल्या, त्यांचे नातेवाईक त्यांत भेटतात.

२५/
१९१८ च्या हुकमातील चार जाती आज सरकारी याद्यांत वेगवेगळ्या रकान्यांत आहेत. महार आणि मांग अनुसूचित जातींत, रामोशी आणि बेरड विमुक्त जातींत. सोनतळीचे फासेपारधी अनुसूचित जमातींत. घिसाडी, वैदू, नंदीवाले, डोंबारी, गोसावी हे भटक्या जमाती (ब) मध्ये. त्या ब गटासाठी राज्यात अडीच टक्के जागा राखीव आहेत. त्या मिळविण्यासाठी दाखला हवा आणि दाखल्यासाठी पुरावा.

२६/
तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यातला तो मुलगा त्यासाठीच उभा आहे. अर्जासोबत वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातील जन्माची नोंद, सातबारा अथवा तत्सम जुना कागद लागतो. आजोबा शाळेत गेले नव्हते. जन्म कोणत्या गावाच्या शिवारात झाला हे आजीला पावसावरून आणि जत्रेवरून आठवते, तारखेवरून नाही. सातबाऱ्याचा तर प्रश्नच नाही, कारण पाल जमिनीवर असते, जमीन पालाच्या नावावर नसते. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी महाराष्ट्रात वास्तव्याची मानीव तारीख ठरलेली आहे, २१ नोव्हेंबर १९६१. आपण भटके आहोत हे ज्याला सिद्ध करावयाचे आहे, त्याला आधी हे दाखवावे लागते की, त्या दिवशी त्याचे कुटुंब महाराष्ट्रात कोणत्या गावी कायम वास्तव्यास होते.